पहिली मोटरसायकल: सीसी बघण्याआधी उतारावर उभं राहून बघा

माझी पहिली मोटरसायकल पडली तेव्हा तिचा वेग चालत्या माणसाइतका होता. चिंचवडमध्ये पंपावर पेट्रोल भरून मी बाहेर निघालो होतो. हँडल डावीकडे वळलेलं, समोर एक रिक्षा आडवी आली आणि मी पुढचा ब्रेक गच्च दाबला. गाडी जागच्या जागी थांबली आणि डावीकडे कलली. पाय टेकवला तर खाली सांडलेलं डिझेल. बूट सरकला. १९० किलोंच्या वरची गाडी एकदा कलली की ती हाताने सावरत नाही, हे त्या क्षणी कळलं. क्लचचा लिव्हर मोडला, इंडिकेटर फुटला, लेग गार्डमुळे पाय वाचला. पंपावरच्या दोघांनी धावत येऊन गाडी उचलून दिली.

त्याआधी मी गावाकडे वडिलांची १०० सीसीची गाडी चालवायचो, तेवढाच अनुभव. मोठी गाडी घेताना डोक्यात लडाख होतं. प्रत्यक्षात पुढचे चौदा महिने ती चिंचवड ते हिंजवडी आणि हिंजवडी ते चिंचवड एवढीच फिरली, त्यातही बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. शेवटी तोट्यात विकली आणि १५० सीसीची एक हलकी जुनी गाडी घेतली. मोटरसायकल चालवायला मी खऱ्या अर्थाने त्या गाडीवर शिकलो.

मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगाने कुठलीही गाडी सरळ जाते. नवख्या माणसाची कसोटी लागते ती शून्य ते पंधराच्या वेगात: सिग्नलवर, चढावर, यू-टर्न घेताना, खडीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे ढकलताना. म्हणून पहिली गाडी या वेगात आपल्याला झेपते का, हे आधी बघायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत.

१. आधी परवाना तपासा

हे सोपं वाटतं, पण इथेच बरेच जण अडकतात. स्कूटर चालवणाऱ्या अनेकांकडे फक्त विदाउट गिअरचा परवाना असतो. त्यावर गिअरची मोटरसायकल चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. परवान्यावर गिअरवाल्या मोटरसायकलचा वर्ग आहे का ते बघा. नसेल तर परिवहनच्या सारथी पोर्टलवरून तो वर्ग वाढवून घ्या.

पहिल्यापासून सुरुवात असेल तर हे लागेल:

- वयाचा आणि पत्त्याचा पुरावा (आधार असेल तर काम लवकर होतं)
- वय किमान १८ पूर्ण
- शिकाऊ परवाना. तो सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते.

शिकाऊ परवान्यावर असताना शिकवणाऱ्या परवानाधारकाशिवाय कुणालाही मागे बसवू नका. हे ३० दिवस वाया जात नाहीत. मित्राच्या, भावाच्या, मामाच्या अशा दोन-तीन वेगवेगळ्या गाड्या याच काळात मैदानात चालवून बघा.

२. एक महिन्याची वही ठेवा

आपण गाडी कशासाठी वापरणार, याचं उत्तर मनाला विचारलं तर ते हमखास चुकतं. मन सुट्टीचा रस्ता दाखवतं. म्हणून महिनाभर रोज लिहा: आज किती किलोमीटर झाले, रस्ता कसा होता, मागे कोण बसलं, सोबत काय सामान होतं, गाडी कुठे लावली. बसने किंवा स्कूटरने जात असाल तरी लिहा.

माझ्या मावसबहिणीने असं लिहिलं तेव्हा २२ दिवस कोथरूड ते शिवाजीनगर निघाले, सहा वेळा आईला मागे घेऊन दवाखाना किंवा मंडई, आणि एकदाच मुळशी. ती तोवर साहसी प्रवासाच्या उंच गाड्याच बघत होती. वही वाचल्यावर तिने आपणहून पहिला प्रश्न विचारला तो आई मागे नीट बसेल का, हा.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रात राहणाऱ्याने लक्षात ठेवावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू यांवर दुचाकीला प्रवेशच नाही. ज्या रस्त्यांसाठी मोठं इंजिन हवं असं वाटतं, त्यातले बरेच आपल्यासाठी बंद आहेत. आपल्या वाट्याला येतात ते जुने महामार्ग, घाट आणि गावातून जाणारे राज्यमार्ग. ताम्हिणीत किंवा आंबोलीत ४५ एचपीची (हॉर्सपॉवर, म्हणजे इंजिनाची ताकद) गाडी पळवायला जागा कुठे आहे?

३. हात किती बसलाय ते मोजा

मोकळं मैदान शोधा, ओळखीची हलकी गाडी घ्या, हेल्मेट घाला आणि चार गोष्टी करून बघा.

पहिली, वीस पावलांचं अंतर पाय न टेकता दहा सेकंदांत पार करणं. त्याहून लवकर पोचलात तर नापास. हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर गाडी तोलता येते का, हे यात कळतं. दुसरी, आरटीओत काढायला लावतात तसा आठ, पण सलग पाच वेळा आणि नजर पुढच्या चाकाऐवजी वळणाच्या शेवटाकडे ठेवून. तिसरी, चढावर थांबून एक वीतभरही मागे न येता निघणं. चौथी, ३० च्या वेगातून दोन्ही ब्रेक वापरून चाक न घसरता थांबणं. ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो. तो पिळल्यासारखा हळूहळू दाबायचा, आणि हँडल सरळ असतानाच. माझी चूक तुम्हाला माहीतच आहे.

यातल्या दोन गोष्टी जमल्या नाहीत तर माझं स्पष्ट मत आहे की पहिली गाडी १५० किलोंच्या आत आणि १५ एचपीच्या आसपास असावी. चारही जमल्या तर थोडं वर जायला हरकत नाही. वर्षानुवर्षं फक्त स्कूटर चालवलेल्यांनीही स्वतःला इथे नवखं समजावं. ट्रॅफिकची नजर त्यांच्याकडे असते, पण पायातला ब्रेक आणि क्लचचा हात नवाच असतो.

४. उंची आणि वजन एकत्र बघा

नेहमीचे बूट घालून भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक जाड वही दोन्ही पायांच्या मधोमध सीटसारखी वर दाबून धरा आणि तिच्या वरच्या कडेची भिंतीवर खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं माप म्हणजे तुमच्या पायाची लांबी. आता हे आकडे बघा. एव्हेंजर २२० ची सीट सुमारे ७३७ मिलिमीटर, मीटिअर ३५० ची ७६५, स्प्लेंडरची ७८५, यामाहा एफझीची ७९०, क्लासिक ३५० ची ८०५, एक्सपल्स २०० ची ८२५. सीट रुंद असेल तर पाय फाकतात आणि तेवढी लांबी कमी पडते. अरुंद सीटवर उंच गाडीही टेकते. म्हणून आकडा फक्त यादी छोटी करायला वापरा, निर्णय बसून बघितल्यावरच घ्या.

आता वजन. ब्रोशरमध्ये कर्ब वेट बघा, म्हणजे पेट्रोल आणि ऑइलसकट वजन. ड्राय वेट दिलं असेल तर ते फसवं आहे, कारण टाकीतलं १५ लिटर पेट्रोलच ११ किलो भरतं आणि ते वजन वर असतं, जिथून गाडी जास्त कलते.

मावसबहिणीची गोष्ट इथे पुढे सांगतो. तिची उंची ५ फूट १ इंच. शोरूममध्ये ती मीटिअरवर बसली आणि दोन्ही तळवे पूर्ण टेकले. चेहरा खुलला. मी म्हटलं, "ताई, आता हिला बसल्या बसल्या मागे घे." शोरूमसमोर फुटपाथला अगदी थोडा उतार होता, गाडीचं तोंड उताराकडे. तिने जोर लावला, बोटं पांढरी झाली, गाडी इंचभर हलली आणि पुन्हा पुढे आली. १९१ किलो. मग १०० सीसीची ११२ किलोंची गाडी काढली. सीट दोन सेंटिमीटर उंच, फक्त चवडे टेकत होते. पण ती गाडी तिने एका दमात मागे घेतली, उतरून बाजूला उभी राहिली आणि डबल स्टँडवरही लावली. सीट बुटकी म्हणजे गाडी सोपी, हा समज मी त्या दिवशी सोडला. चवडे पक्के टेकत असतील आणि वजन पेलत असेल, तर तळवा पूर्ण टेकलाच पाहिजे असं नाही. मात्र फक्त बोटांची टोकं टेकत असतील तर ती गाडी पहिली म्हणून नको.

५. सीसीवर भुलू नका

आपल्याकडे गाडीची ओळखच सीसीने होते. "किती सीसी?" हा पहिला प्रश्न. पण इंजिन किती मोठं आहे, यापेक्षा ताकद किती आणि ती किती वजन ओढते, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. क्लासिक ३५० ला सुमारे २० एचपी आणि १९५ किलो. केटीएमच्या २०० ड्यूकला सुमारे २५ एचपी आणि १६० किलोंच्या आसपास वजन. सीसीच्या हिशोबाने ड्यूक लहान, पण उजव्या मुठीतला थ्रॉटल जरा जास्त पिळला गेला तर नवख्याच्या हातून आधी निसटेल ती हीच. क्लासिक वेगाला शांत आहे, पण थांबलेली असताना जड. दोघींच्या अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही गाड्या चांगल्याच आहेत.

एफझीला साधारण १२ एचपी आणि १३६ किलो. स्प्लेंडरला ८ एचपी. पाणी आणि डबा घेऊन रोज ३० किलोमीटर जाणाऱ्याला यातलं काहीही पुरतं. ३९० ड्यूकची ४५ एचपीची ताकद दोन-तीन वर्षांचा सराव झालेल्या माणसासाठी आहे. १९ वर्षांच्या मुलाने पहिल्याच गाडीसाठी ती मागितली तर आई-वडिलांनी इथे ठाम राहावं, हे मी मनापासून सांगतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं. हे गणित सरावाने बदलत नाही, सरावाने फक्त माणूस धोका आधी ओळखायला शिकतो.

६. बसण्याची ठेवण तुमच्या रस्त्याशी जुळवा

सरळ पाठ, पाय गुडघ्याखाली, हँडल जवळ अशी साध्या रोजच्या गाड्यांची ठेवण असते. गर्दी, मागे माणूस, पिशव्या यांसाठी हीच उत्तम. मागे साडी नेसलेलं किंवा ओढणी घेतलेलं कुणी नेहमी बसणार असेल तर साडी गार्ड आणि मागचं हँडल बघा. बऱ्याच स्पोर्टी गाड्यांची मागची सीट उंच आणि तळहाताएवढी असते.

क्रूझरमध्ये, म्हणजे मीटिअर-एव्हेंजरसारख्या गाड्यांमध्ये, पाय पुढे असतात. महामार्गावर आराम मिळतो, पण खड्डा आला की पायावर उठून धक्का झेलता येत नाही, तो थेट कण्यात जातो. आपल्या रस्त्यांवर याचा विचार करा. उंच, लांब सस्पेन्शनच्या गाड्या खड्डे आणि कच्चा रस्ता छान घेतात. गाव डोंगराळ भागात असेल तर त्या खरंच उपयोगी, फक्त आधीची उंचीची परीक्षा पास व्हायला हवी. पुढे वाकून बसायच्या गाड्यांमध्ये मनगटावर भार येतो आणि सिग्नलवर तो दुप्पट जाणवतो.

स्पोकची चाकं दिसायला सुंदर आणि आडवाटेला मजबूत, पण त्यांत सहसा ट्यूब असते. पंक्चर झालं की चाक काढावं लागतं. एकटं फिरणार असाल तर ट्यूबलेस टायर असलेली अलॉय चाकं सोयीची.

७. टेस्ट राइड स्वतः ठरवा

शोरूमची टेस्ट राइड म्हणजे सपाट रस्त्यावर एक फेरी. माझ्या वेळी तेवढीच दिली आणि "दोन दिवसांत सवय होईल" असं सांगितलं. सवय झाली नाही. तुम्ही मूळ परवाना, स्वतःचं हेल्मेट आणि रोजचे बूट घेऊन गर्दीच्या वेळी जा आणि हे मागा:

- किमान वीस मिनिटं, त्यात एक चढ आणि एक यू-टर्न
- एका पूर्ण सिग्नलभर क्लच दोन बोटांनी धरून ठेवणं. हात भरून आला तर रोजच्या गर्दीत काय होईल, याचा विचार करा
- इंजिन तापल्यावर नडगीला आणि मांडीला किती झळ लागते ते बघणं
- मागे माणूस बसवून एक फेरी
- बंद गाडी मागे ढकलणं, डबल स्टँडवर लावणं आणि खाली काढणं

नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूममध्ये जा. "आज बुक केलं तर हा भाव" याला त्याच दिवशी हो म्हणू नका. एक रात्र जाऊ द्या.

१२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक आहे. त्याखालच्या गाड्यांना बहुधा सीबीएस असतो, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो. पावसाळ्यात चालवणाऱ्या नवख्याला एबीएसची गाडी घेता आली तर घ्यावी, आणि जमलं तर दोन्ही चाकांना असलेली.

८. जुनी गाडी घेत असाल तर

पहिली गाडी जुनी घेण्याच्या बाजूने मी आहे. ती एकदा तरी पडणार, आणि जुन्या गाडीवरचा ओरखडा मनाला कमी लागतो. पण सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जा. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. थंड इंजिन चालू होताना होणारी खडखड आणि सायलेन्सरमधला निळसर धूर गरम इंजिनात लपतो. पुढच्या शॉकॲपच्या नळीवर बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलं. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, बदलावा लागेल. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतका जुना टायर कडक झालेला असतो, पावसात पकड देत नाही.

कागदपत्रं:

- मूळ आरसी. तिच्यावरचे इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवा
- चालू विमा आणि पीयूसी
- फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सहीसकट
- गाडीवर कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५
- दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८
- ई-चलन बाकी नसल्याची खात्री, पैसे देण्याआधी
- एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (सरकारी सुरक्षा खुणांची) नंबर प्लेट बसवली आहे का

नाव बदलण्याचा अर्ज ३० दिवसांत आणि विमा आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत करा. "नंतर करू, सही देऊन ठेवलीय" असं म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

९. पैशांचा हिशोब

जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते. त्यावर रोड टॅक्स, नोंदणी आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा चढतो. या विम्याचे दर इंजिनाच्या आकारावर ठरतात आणि १५० आणि ३५० सीसीला टप्पे बदलतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के आहे. पहिल्या गाडीसाठी ३५० ची रेष ओलांडण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

हप्ता ठरवण्याआधी दहा-बारा हजार बाजूला काढा: आयएसआय शिक्क्याचं, आयएस ४१५१ लिहिलेलं हेल्मेट, मागच्यासाठी दुसरं, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि रेनकोट. हेल्मेट घालून पट्टा लावा आणि मागून वर ढकला. सुटलं तर एक माप लहान घ्या. या वस्तूंना पैसे उरत नसतील तर गाडी एक पायरी खालची घ्या.

१०. पहिला महिना

नवे टायर गुळगुळीत असतात, पहिले शंभरेक किलोमीटर वळणात गाडी फार झुकवू नका. रविवारी सकाळी लवकर मैदानात जाऊन तिसऱ्या पायरीतल्या चार गोष्टी या गाडीवर पुन्हा करा. जुन्या हलक्या गाडीवर जमलेलं इथे लगेच जमेलच असं नाही. घाट सुरुवातीला कोरड्या दिवसात, एकट्याने आणि उजेडात करा. उतरताना गिअर खालचा ठेवा, न्यूट्रलवर गाडी सोडू नका.

मागे माणूस बसवून निघायच्या आधी टायरची हवा बघा. दोघांसाठी मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. तो गाडीच्या पुस्तिकेत मिळेल, आणि बऱ्याच गाड्यांवर चेन कव्हरजवळच्या स्टिकरवरही छापलेला असतो. पंपावरच्या मुलाला "नेहमीची भर" म्हणू नका, तो आकडा वाचून सांगा.